कुसुमलता सभागृहातलं युगुलगीत

८ फेब्रुवारी १९७०, जळगाव

पोहोचलो एकदाचा, आणि स्वागत काय वर्णावं! फलाटावर झेंडूचे हार आणि लग्नाची धून वाजवणारा बँड. माझ्यासोबत गाणाऱ्या पेरीनला वाटलं, हे सगळं तिच्यासाठीच. वरच्या पट्टीत गाणाऱ्या सोप्रानो बायांना जन्मतःच असं वाटत असतं. मिलानमध्ये दोन वर्षं गळा तयार करून आलेला मी, दिनकर रेळे, खालच्या पट्टीचा बॅरिटोन. आणि आमचे यजमान केळीचे व्यापारी पुखराज शेठ. ऑपेराची ‘गाला’ मैफल म्हणून सांगितलं होतं, छापखान्याने पत्रकावर ‘भव्य गळा मैफल’ केलं आहे. पियानो मुंबईला केळी उतरवून परतणाऱ्या ट्रकमधून आला. पियानोवादक फेलिसियो पट्ट्यांवरचा चीक पुसत बसला आहे.

आमची सोय शेठजींच्याच घरी. जेवायला वांग्याचं भरीत होतं. दोनदा मागून घेतलं, हे मुंबईत कुणाला सांगणार नाही.

१० फेब्रुवारी

सभागृह पाहिलं. कापसाच्या जिनिंग कारखान्याशेजारी, कोरं करकरीत, आतल्या भिंती मिठाईच्या खोक्यासारख्या गुलाबी. नाव ‘कुसुमलता सभागृह’. कुसुमलता म्हणजे शेठजींची मुलगी. पाचगणीच्या शाळेत एका ननकडून ऑपेराचं गाणं शिकली, आणि दोन वर्षांपूर्वी घटसर्पाने गेली. घसा बंद होऊन, गुदमरून. वय एकोणीस.

शेठजींनी तिच्या गाण्याची टेप लावली. एक युगुलगीत. पोरीने बाईचा भाग तेवढा गायलेला, पुरुषाच्या जागा मोकळ्या सोडलेल्या. आवाज असा, की दारात शेपटी सापडलेल्या मांजराचा बरा. मला हसू आवरलं नाही. पेरीनने माझा हात दाबला तरी.

पहिल्या रांगेत शेठजींच्या पत्नी भंवरीबाई बसल्या होत्या, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. पदराआडूनच म्हणाल्या, “भाऊ, मैफलीच्या दिवशी टेप लावू. तिच्यासोबत एकदा गा. तिला फार हौस होती.”

मी स्पष्ट सांगितलं, की गळा नसलेल्या कुणाबरोबरही मी गात नाही, जिवंत असो की मेलेली. ती जगली असती तरी तिला कुणी स्टेजवर उभं केलं नसतं.

शेठजींनी टेप बंद केली. भंवरीबाई उठून गेल्या. कलेत भिडस्तपणा चालत नाही.

१२ फेब्रुवारी

पेरीनचा आवाज बसला. म्हणते, सभागृहात गाताना कुणीतरी खांद्यापाशी उभं असतं आणि तिच्याआधी श्वास घेतं. मग तिला घ्यायला हवाच उरत नाही. पारशी नखरे! वरचा स्वर लागत नाही म्हणून भूत उभं करायचं. हळद-दूध पी म्हटलं.

१३ फेब्रुवारी

आजचा प्रकार नीट लिहून ठेवतो.

सकाळी अकराची तालीम. पेरीन मफलर गुंडाळून खुर्चीत गप्प. मी त्याच युगुलगीतातला माझा भाग म्हणत होतो, तिच्या जागा सोडत. तिसऱ्या जागेला बाईचा आवाज आला. बारीक, पण नेमका सुरात. पेरीनकडे पाहिलं, तर तिचे ओठ मिटलेले आणि डोळे माझ्यावर.

कुणीतरी टेप लावली असणार. मी व्यवस्थापक सुकदेवला फैलावर घेतलं. त्याने यंत्र दाखवलं. वायर गुंडाळलेली, वर टेपच नव्हती. तो हळूच म्हणाला, “सायेब, हाऊ आवाज कुसुमताईना शे.”

म्हणे कुसुमताईंचा आवाज! अडाणी लोक. फेलिसियोही छातीवर क्रूस काढत होता. तोसुद्धा त्यातलाच.

१४ फेब्रुवारी

पेरीनच्या घशात राखाडी पापुद्रा धरला आहे. डॉक्टरांनी घटसर्प म्हटलं आणि मोटारीने मुंबईला धाडलं. बोलता येत नव्हतं. निघताना माझ्याकडे बघून ‘नको, नको’ अशी मान हलवत राहिली. मी एकटा गाऊन टाळ्या घेईन, हे बघवत नसेल.

शेठजींना सांगितलं, उद्या मी एकटा पुरेसा आहे.

दुपारी आरशात घसा पाहिला. स्वच्छ आहे. उगाच पाहिला.

१६ फेब्रुवारी, सकाळ

काल सभागृह खच्चून भरलं होतं. रावेर, सावदा, जामनेरहून ट्रॅक्टर भरून माणसं आलेली. माझी पहिली गाणी उत्तम झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाहुण्यासाठी वाजवतात तशा.

मग फेलिसियोने युगुलगीत सुरू केलं. पेरीन गेल्यावर ते कार्यक्रमातून काढलं होतं. मी डोळे वटारले. तो रडत होता आणि त्याचे हात वाजवत होते.

मी थांबवायला सांगणार होतो. तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडातून ती गायली.

टेपवरची नव्हे. भरलेला, लखलखीत आवाज. असा मी मिलानलाही ऐकला नव्हता. माझं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि मी आत कुठेतरी धडका देत होतो. भंवरीबाईंनी पदर मागे टाकला. “बाई!” म्हणून ओरडल्या. मारवाडीत मुलीला बाई म्हणतात. सगळं सभागृह उभं राहिलं. माणसं रडत होती.

इतक्या टाळ्या मला कधी मिळाल्या नाहीत.

१७ फेब्रुवारी

आवाज नाही. कुजबुजही फुटत नाही. फेलिसियो न सांगता पळाला. शेठजींनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. धुळ्याला शुक्रवारी कार्यक्रम ठरवला म्हणतात.

स्टेशनवर गेलो होतो. तिकीट खिडकीत कागद सरकवला — ‘मुंबई’. त्याच वेळी ती गायला लागली. कारकुनाने कागद पाहिलाही नाही. बाहेर येऊन हात जोडून उभा राहिला. गर्दी जमली. सुकदेव टांगा घेऊन आला. मी त्याचा हात घट्ट धरला, तर तो मला म्हणाला, “चाला, ताई.”

१८ फेब्रुवारी

ताप. भंवरीबाई उशाशी बसून असतात. भाऊ म्हणत नाहीत आता. बाई म्हणतात. चमच्याने दूध भरवतात. मला गिळता येत नाही, पण गिळलं जातं.

मी कागदावर लिहिलं — माफ करा. मी बोललो ते वाईट होतं. त्यांनी वाचलं. माझ्या केसांवरून हात फिरवला. म्हणाल्या, “तू नाही गं बोललीस. तो माणूस बोलला.”

१९ —

घशात पापुद्रा दिसतो. भंवरीबाई डॉक्टर नको म्हणतात. परवा तिला डॉक्टरांनीच मारलं म्हणतात — परवा नव्हे, दोन वर्षांपूर्वी — मलाच आता —

ती गात नसली की गुदमरतो. गाते तेवढाच वेळ हवा मिळते. म्हणून मीच वाट बघतो, तिने गावं — मी, दिनकर रेळे —

२०, धुळे

पडद्यामागे. बाहेर माणसं. भंवरीबाईंनी हात धरला आहे, डावा. उजव्याने लिहितो.

पडदा वर जातोय. लोक शांत झाले.

तिने श्वास घेतला. खोल. अजून घेतेय —

गा ना. गा. पाया पडतो, कुसुम, सोड, श्वास सो