दहा गुणांचं पत्र

प्रिय बर्निसताईस,
कॅझिमिरचा सप्रेम नमस्कार. इकडे माझा गुडघा सोडून सगळं ठीक आहे. आईची भूक कशी आहे? हे तू तिला वाचून दाखवणार, म्हणून अक्षर मोठं काढलंय (तरी तू नावं ठेवशीलच).

आता रोमनचं. जूनमध्ये आपला धाकटा तुरुंगातून सुटतोय, पण त्याआधी तो किती धोक्याचा हे न्यायालय ठरवतं आणि त्यासाठी एक छापील तक्ता असतो. त्याने ज्या मुलीवर हात टाकला तिचं वय काय होतं याचे इतके गुण, दारूचे इतके, आधीच्या भानगडींचे इतके. रोमनचे झाले सत्तर. (शाळेत त्याला गणितात कधी चाळीसच्या वर मिळाले नाहीत, इथे सत्तर पडले आणि त्याच्या वकीलबाई खूश!) सत्तरपर्यंत पहिली पातळी, म्हणजे नाव पोलिसांच्या यादीत, पण फोटो जगजाहीर नाही. त्यावर गेलं की दुसरी, म्हणजे फोटो इंटरनेटवर आणि नाव मरेपर्यंत यादीत.

आपल्या चर्चची रीत तुला ठाऊकच आहे. कुणी न्यायालयात उभं राहिलं की सगळे न्यायाधीशांना पत्रं लिहितात. म्हाताऱ्या डोम्ब्रोव्स्कीबाईंनी तर रोमन सारण भरून पिएरोगीच्या कडा किती सुबक दुमडतो यावर अख्खं पान खर्च केलं. मग सख्ख्या भावाने मागे का राहावं? मी चार पानं लिहिली आणि वकीलबाईंची वाट न बघता थेट न्यायालयाच्या कचेरीत नेऊन दिली. (मला धीर नाही, हे आई लहानपणापासून सांगत आलीय.) लिहिलं की रोमन माझ्याकडेच राहील, वरच्या मजल्यावर, माझ्या नातीच्या, क्लाराच्या खोलीसमोर. आणि काम करील माझ्या कस्टर्डच्या टपरीवर, बेसबॉलच्या मैदानाशेजारी, जिथे शाळा सुटली की पोरांची रांग लागते. पोरं त्याच्याशी पटकन रुळतील, असंही वर जोडलं.

न्यायाधीशांनी ते सगळ्यांसमोर वाचलं, मग चष्मा काढला.
"हे तुम्हीच लिहिलंत?"
"हो साहेब, कुणाची मदत न घेता."
राहण्याची आणि कामाची जागा अयोग्य, दहा गुण. सत्तरचे ऐंशी झाले.

बाहेर वकीलबाई माझ्यावर तुटून पडल्या. "अहो, तुम्ही भाऊ आहात की वैरी? मला आधी दाखवायचं तरी!" मी टोपी हातात घेऊन उभा राहिलो. त्या मुलीची आई अजून आत, मागच्या बाकावर एकटीच बसली होती, कोटसुद्धा न काढता. तिच्यासाठी त्या तक्त्यात एकही रकाना नाही.

आता रोमन माझ्याकडे येणार नाही. चाळीस मैलांवर त्याला सरकारी खोली मिळेल. आईला सांग, तिच्या शब्दाखातर मी माझ्याकडून काही कमी केलं नाही. अक्कल कमी पडली, एवढंच.

तुझा,
कॅझिमिर

ता. क. ईस्टरला नेलेला माझा मोठा ट्रे परत पाठव.

आणखी एक ता. क. (हा कागद मुद्दाम वेगळा ठेवलाय.) ताई, वकीलबाईंनी तो तक्ता मला आधीच दोनदा समजावला होता. शेवटचा, राहण्याच्या नि कामाच्या जागेचा रकाना कशाने भरतो, ते मला पाठ होतं. रोमनला घरात घे, असा आईचा हट्ट होता. तिला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही, म्हणून न्यायाधीशांकडून म्हणवून घेतलं. क्लाराला पुढच्या महिन्यात बारावं लागेल. काल रोमनचं पत्र आलं. लिहितो, "दादा, मनाला लावून घेऊ नकोस. माझ्यासाठी एवढं कोण करतं?" तेव्हापासून मला धड जेवण जात नाही. तरी पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच लिहीन.

एवढा कागद फाडून टाक. बाकीचं आईला वाचून दाखव, आणि माझ्या मूर्खपणाला ती हसली, तर तेवढं मला कळव.