दगड की डहाळी

वरचा टोला, लामत्यापुढे
२४ ऑगस्ट १९६७

चिरंजीव वसंतास, तुझ्या बाबांचे पोटभर आशीर्वाद. साधनाला आणि पोरांना त्यातलेच वाटून दे.

मी पोचलो. तुझी गोदाआत्या बरी आहे. गुडघे थकलेत, तोंड नाही. उंबऱ्यातच म्हणाली, "दादा, काहून एवढा उशीर? मले वाटलं वाघानं नेलं. पण तुमाले नेऊन तो तरी काय करन, कविता आयकन?"

उशीर झाला तो रानामुळे. लामत्याला बसमधून उतरलो तेव्हा ऊन होतं. गोदाचा दीर महागू न्यायला आला होता. माझी वळकटी त्यानं डोक्यावर घेतली आणि आम्ही चढणीला लागलो. अर्ध्या घाटात सरईचं, म्हणजे सालाच्या झाडांचं, रान लागलं आणि ढग खाली आला. की आम्हीच त्याच्यात शिरलो? जन्मभर वर्गात पोरांकडून ढगांच्या कविता घोकून घेतल्या. ढग म्हणजे कापूस, ढग म्हणजे हत्ती. आत गेल्यावर त्यातलं काहीच नाही. हाताला लागत नाही आणि सदरा मात्र भिजतो. बुंध्यांवर बोटभर शेवाळ. पाऊस नव्हता, तरी पानापानातून थेंब गळत होते. फार सुंदर होतं रे. मी मोठ्यानं कविता म्हणायला लागलो, तर दुसऱ्या कडव्यापुढचं काही आठवेना. तेवढ्यात महागू दिसेनासा झाला. मग मी उभा होतो की चालत होतो, तेही आता सांगता येत नाही. एकदा तर वाटलं, भरवेलीच्या खाणीवरच्या आपल्या क्वार्टरमागेच आहे आणि साधना हाक मारतेय.

हाक महागूची होती. "ओ गुरुजी! तिकडं कुठं चालले? तिकडं तं दरी हाय!"

माथ्यावर दगडांचा मोठा ढीग आहे, तोच देव. येऊन परत जाणाऱ्यानं त्यावर दगड ठेवायचा, गावात राहायला आलेल्यानं हिरवी डहाळी. म्हणजे कोणाला सांभाळायचं ते देवाला कळतं. महागूनं विचारलं, "तुमी कसे, पाहुणे का राह्याले येऊन राह्यले?"

"आठ दिवसांसाठी," मी म्हणालो.

त्यानं डोक्यावरचं ओझं चाचपलं. "आठ दिवसाले दुलई? श्रावणात?" आणि हसला. मीही हसलो.

वळकटी साधनानं बांधली होती. इथं येऊन सोडली. दुलई, मफलर, माझी सगळी पुस्तकं. आणि तुझ्या आईचा फोटो. आठ दिवसांसाठी कोणी भिंतीवरचा फोटो काढून देत नाही, वसंता.

नाही, तक्रार म्हणून लिहीत नाही. क्वार्टर दोन खोल्यांचं, पोरं मोठी होतायत, त्यांची शाळा हिंदीत. मी कविता म्हटली की धाकटा म्हणतो, "आजोबा, समझ में नहीं आता." मला सगळं दिसतं. फक्त एक कळत नाही. तू मला सांगितलं होतंस आणि मी विसरलो, की सांगितलंच नाहीस? बसच्या खिडकीशी तू बराच वेळ बोलत होतास. मी मान हलवत होतो, एवढंच आठवतं. सांगितलं असशील तर पुन्हा एकदा सांग. रागावणार नाही.

गोदानं आतल्या खोलीत माझ्यासाठी खाट टाकलीय. सुंभ नवा आहे, अजून टोचतो. मी विचारलं, "गोदा, वसंतानं तुला काय कळवलं?" तर म्हणाली, "जेवा गुमान. भात थंडा होऊन राह्यला."

फोटो अजून लुगड्यात गुंडाळलेलाच आहे. खिळा मागितला नाही.

देवापुढे मी काहीच ठेवलं नाही. महागूला म्हटलं, हात ओले आहेत. ढिगाशी उचललेला दगड मात्र खिशातून घरी आला, उशाशी आहे. तू न्यायला आलास की जाता जाता ढिगावर ठेवू. यायचं नसेल तर तसं लिही. दारातच सरईचं झाड आहे, खालच्या फांदीला माझा हात पोचतो.

अजून तरी पाहुणाच असलेले,
तुझे बाबा