पहिल्या गठ्ठ्यातली जागा

६ फेब्रुवारी २००७, मंगळवार

घोर अन्याय! काउंटी कौन्सिलने, म्हणजे इथल्या पालिकेने, दिलेली आमची चाकांची कचरापेटी काल वाऱ्याने पुन्हा घर सोडून गेली. मागे एकदा शेजारी, मग समोर, आता थेट कोपऱ्यावरच्या घरी — आणि तिथल्या पेटीला खेटून अशी उभी की जणू हिचं सासर तेच! एका सभ्य गृहस्थाने पन्नाशीच्या तोंडावर, स्लिपर घालून, भर पावसात, परक्याच्या अंगणातून आपली पेटी समजूत घालून परत आणावी? या विटंबनेची दाद कुठे मागायची? कौन्सिलकडे. रस्ते, दिवे, कचरा — सगळं त्यांच्याच हातात.

शाळा मात्र नाही. हे ज्ञान आज झालं, आमच्या लेकीचा, मुक्ताचा शाळाप्रवेशाचा फॉर्म भरताना. मी आपला नगरपालिकेच्या शाळेत शिकलेला माणूस. शाळा म्हणजे पालिकेची, हे मी धरूनच चाललो होतो. इथे परदेशात शिक्षकांचे पगार सरकार देतं, इमारत चर्चची, आणि शाळेचा पालक म्हणून बिशप. कौन्सिलचा संबंध शाळेच्या फक्त कचऱ्याशी.

फॉर्मवर रकाना: बाप्तिस्मा — तारीख आणि ठिकाण. मी लिहिलं, २४ डिसेंबर २००२, क्लोनडॉकिन. बाराव्या दिवशी, आमच्याच दिवाणखान्यात बारसं झालं होतं. भटजी मिळेनात म्हणून मंत्र मीच म्हटले. लहानपणी काकांनी वाईला सहा वर्षं संस्कृत घोटून घेतलं, त्याचा आयुष्यात झालेला हा एकमेव उपयोग.

पद्मजा म्हणाली, "अहो, मोकळा सोडायचा ना तो रकाना!"

मोकळा? आम्हाला शाळेत छडी दाखवून शिकवलंय — येवो न येवो, कोरं काही ठेवायचं नाही. आणि मूल, पाणी, नाव, पेढे. वेगळं काय असतं?

१३ फेब्रुवारी

धुकं. कालवा दिसला नाही. हंस दिसले, नुसते हवेत तरंगणारे.

१९ फेब्रुवारी

माझी शिफ्ट दुपारी तीनला. पद्मजा साडेसातला ऑफिसला निघते. मधला सगळा वेळ माझा आणि मुक्ताचा. कालव्याच्या काठाने चालतो. ती विचारते, मी उत्तर देतो. उत्तर येत नसेल तर संस्कृतात देतो. "बाबा, पाणी झोपलंय का?" "झोपलंय." "मग हलतंय कशाला?" "स्वप्न पडतंय त्याला." पटलं तिला. मलाही पटलं.

रेडिओवर सांगत होते, सरकार आता नव्या धर्तीच्या प्राथमिक शाळा काढणार. पालक बिशप नाही, स्थानिक शिक्षण समिती. पण पुढच्या वर्षी, तीही आधी एखादीच. गंमत म्हणजे परवाच धाकटा भाऊ शैलेंद्र पुण्याहून फोनवर सांगत होता की तिकडे पालिकेच्या शाळा ट्रस्टच्या हवाली करायचं बोलतायत. म्हणजे तिकडची शाळा पालिकेच्या हातून निसटणार, आणि इकडची कधी नव्हे ती हाताला लागणार. वाटेत दोघींची भेट झाली तर काय बोलतील? बहुधा हवापाण्याबद्दल.

दुपारी जरा डोळा लागला. स्वप्नात एक शाळा कालव्यावरून वाहत चालली होती, बाकांसकट. काठावर कौन्सिलचा माणूस, पाद्री आणि आमचे काका उभे, आणि तिघेही म्हणतायत, "तुमची असेल. आमची नाही."

२ मार्च, शुक्रवार

जागा मिळाली! सप्टेंबरपासून ज्युनिअर इन्फंट्स, म्हणजे इथला बालवर्ग. खाली एक ओळ: बाप्तिस्म्याचा दाखला सवडीने आणून दाखवावा.

पद्मजाने ऑफिसातून येताना लाल दप्तर आणलं. मुक्ता ते पाठीला लावून जेवली.

३ मार्च

चंद्रहास आला होता. माझ्याच औषधी गोळ्यांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे, नागपूरचा, मला पंडित म्हणतो. त्याची धाकटी रेवती मुक्ताच्याच वयाची, त्याच शाळेचा फॉर्म. तिला जागा नाही. प्रतीक्षा यादीत एक्केचाळिसावी.

"अबे पंडित, तू त्या रकान्यात काय लिहिलं?"

सांगितलं. तो खुर्चीतून पडायचा राहिला.

"म्हणजे तुझी पोरगी कॅथलिकांच्या गठ्ठ्यात गेली ना भाऊ! पहिला गठ्ठा त्यांचा. मग उरल्या जागा आपल्याला. मी इमानदारीत कोरा सोडला!"

पद्मजा पोळी लाटता लाटता थांबली.

"आता दाखला?"

"यालाच लिहू द्या ना वहिनी. संस्कृतात. कोणाच्या बापाला वाचता येते? शिक्का मी देतो, क्वालिटी कंट्रोलचा."

हसलो सगळे. तो जास्त हसला. नंतर जाताना बूट घालत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी पण भरायला पाहिजे होता यार तो रकाना." त्याचा मोठा, ध्रुव, दारात उभा होता. "डॅड, कमॉन." चंद्रहास त्याला मराठीतून काहीतरी म्हणाला. उत्तर इंग्रजीत आलं. ध्रुव शाळेत गेला त्या वर्षीच्या दिवाळीपासून हे असंच आहे म्हणे.

६ मार्च

दाखला लिहून बघितला. नुसता, गंमत म्हणून. अक्षर सुरेख आलं! बाळाचं नाव, आईबापांचं, तिथी, नक्षत्र, स्थळ. अक्षर न् अक्षर खरं. तो कागद तिथे नेऊन ठेवणं एवढंच खोटं.

मुक्ताची शाळा केव्हाच सुरू झालीय. जिन्यावरच्या हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं ते उबदार कपाट, त्यात. विद्यार्थी: टॉवेल आणि पलंगपोस. "बसा, बसा. तुला जागा नाही? मग याच्या मांडीवर बस." या शाळेचा पालक बहुधा बॉयलर. प्रवेशाचे नियम मला फार आवडले.

९ मार्च, शुक्रवार

मुख्याध्यापिका मिसेस कीनन यांना भेटलो. दाखला पुढे ठेवला. चष्मा लावून बघितला, उलटा केला, सुलटा केला.

"सुरेख आहे हो. पण आहे काय हे?"

सगळं सांगितलं. बारसं, मी म्हटलेले मंत्र, कोरा न सोडलेला रकाना. बाईंना हसून हसून खोकला आला.

"घरीच? ख्रिसमसच्या आदल्या दिवशी? फेअर प्ले टू यू!" म्हणजे इथल्या बोलीत शाबासकी.

मग खिडकी लावली आणि आवाज खाली आणला. "हे बघा. नियम मी केलेले नाहीत. शाळा त्या बाबाची, युअर मॅन बिशपची, पगार सरकारचा, माझ्याकडे नुसती किल्ली. पण दाखला बघितला अशी खूण मीच करायची असते. कुठल्या भाषेत होता ते लिहायला तिथे जागा नाही."

मी रेवतीचं विचारलं. मी जागा सोडली तर?

"तिला नाही मिळणार. त्याच गठ्ठ्यातल्या पुढच्या मुलाला मिळेल. तुम्ही सोडून कोणाचंच भलं होत नाही. खूण करू?"

बाहेर मुलं ओरडत होती. सगळी गडद निळ्या जर्सीत, कोण कुठल्या गठ्ठ्यातलं ते ओळखू येत नव्हतं.

मी म्हणालो, नको. असं खोटं मला जमायचं नाही.

बाईंनी दाखल्याची घडी घालून मला परत दिला. म्हणाल्या, "ठीक. सहा पूर्ण होईपर्यंत कायद्याने शाळेत घातलंच पाहिजे असं नाही. तोवर ती नवी शाळा निघेलसुद्धा." आणि चहा मागवला.

१० मार्च

पद्मजाला काल रात्री सांगितलं. आज म्हणाली, "तुम्ही केलंत ते बरोबरच असेल. पण मला विचारायचं होतंत."

चंद्रहासने मिठीच मारली. "मानलं पंडित! आपल्याच्यानं नसतं झालं." मी मान खाली घातली. त्याला तो विनय वाटला.

१२ मार्च, सोमवार

कालव्यावर कोवळं ऊन. मुक्ता लाल दप्तर लावून आली. आत एक केळं आणि एक टॉवेल.

"बाबा, उद्या शाळा?"

"उद्या नाही."

"परवा?"

मी हंस दाखवले. अंडी घालायला काड्या जमवतायत. तिने बघितले, आणि पुन्हा विचारलं.

१३ मार्च

निदान इथे तरी खोटं लिहायचं नाही. जागा मी सोडली ती प्रामाणिकपणापायी नाही. शाळेत गेली की मुक्ता माझ्याशी मराठीत बोलायची थांबेल. ध्रुवसारखीच, दिवाळी यायच्या आत. मला या सकाळी अजून एक वर्ष हव्या होत्या. बाईंनी "खूण करू?" म्हटलं तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं. माझ्यासाठी मी लेकीचं एक वर्ष घेतलं. पद्मजा आज ना उद्या ओळखेल. तिचं मी ऐकून घेईन. मुक्ताला कधीतरी कळेल, त्याची भीती वाटते.