निळ्या डबीतलं लोणी

आई,

तू बाजारातून यायच्या आत टमाले शहरात जायला निघालेय. समोर बसून सांगायचा धीर झाला नाही. निळ्या डबीत औषध नव्हतं, नुसतं शियाच्या बियांचं, तूच घुसळून काढलेलं लोणी होतं. लाल डबीतल्या मलमाने तुझ्या खांद्याचं दुखणं खरंच उतरतं का, हे ताडून पाहायला दोन आठवडे तुला न सांगता निळी दिली आणि किती दुखतं ते रोज विचारून वहीत लिहिलं. जन्मभर लोणी घुसळून आखडलेल्या खांद्यावर मी प्रयोग केला.

काल कुंपणापलीकडे तू लारिबामावशीला सांगत होतीस, "पोरगी मला माझंच लोणी चोळायला देते. वासावरून पहिल्याच दिवशी कळलं. असू दे, तिची वही भरतेय."

"आणि दुखणं?" मावशीने विचारलं.

"तिला कमीच सांगते. बिचारी खूश होते."

म्हणजे वहीतला एकही आकडा खरा नाही, आणि तो दोष माझा. लाल डबी माठाशेजारी आहे, तीच लाव. आज घुसळू नकोस, संध्याकाळी मी येऊन घुसळते. गुरुवारी दवाखान्यात, खांद्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे जाऊ. किती दुखतं असं त्या विचारतील, तेव्हा माझ्याकडे बघून उत्तर देऊ नकोस.

वुनपिनी