अंगठ्यावरून देव

७ जानेवारी १४८६, रोम
आजपासून रोजनिशी. प्राचीन काळातली मोठी माणसं लिहीत, म्हणून मीही. कोणी वाचायची नाही. बायकोला, पेर्नाला, वाचता येतं, म्हणून गादीखाली ठेवायची.

लॅटिनमध्येच लिहिणार होतो. पण मला लॅटिनचे साठच शब्द येतात आणि त्यातले निम्मे प्रार्थनेतले. ईस्टरनंतर लॅटिन. तोवर घरची भाषा.

संकल्प: रोज दहा नवे शब्द. पहाटे उठणे. चुन्याविषयी चारचौघांत न बोलणे.

चुना हा आमचा पिढीजात धंदा. आजोबा, वडील, आता मी. पण तो माझा धंदा आहे, स्वभाव नव्हे. भट्टीकडे मी फिरकत नाही, धुरानं डोळे चुरचुरतात. तिकडचं सगळं म्हातारा मेओ बघतो. तो आजोबांच्या वेळेपासूनचा.

८ जानेवारी
शब्द: शून्य. पहाटे उठलो, पण पहाट होऊन गेली होती.

१२ जानेवारी
ओद्दोने मास्तरांच्या बागेत व्याख्यान. मास्तर लॅटिन शिकवतात आणि त्यांच्याभोवती बारा विद्वानांचं मंडळ आहे. मंडळात घेतलं की माणसाला जुनं रोमन नाव मिळतं, आणि मग त्याला त्याच नावानं हाक मारतात. मला हे नाव पाहिजे. पालुत्सो हे काय नाव आहे? आमच्या गल्लीत चार पालुत्सो आहेत आणि त्यातला एक बोका.

आज मास्तर चुनेवाल्यांवर घसरले. पूर्वजांनी संगमरवरात देव घडवले आणि हे करंटे ते देव फोडून भट्टीत घालतात, रोमची हाडं शिजवून खातात, असं म्हणाले. मला रडू आलं. सगळ्यांत जोरात टाळ्या मीच वाजवल्या. वाजवताना बाहीतून जरासा पांढरा धुरळा उडाला, पण कोणाच्या लक्षात आला नसावा.

महत्त्वाचं: मंडळातले एक जण नेपल्सला राहायला गेले. जागा रिकामी. २१ एप्रिलला, रोमच्या वाढदिवसाच्या मेजवानीत, नवा माणूस घेणार. इच्छुकानं काहीतरी प्राचीन भेट आणायची. औषधवाला साब्बा जुनी नाणी नेणार आहे म्हणे. नाणी काय, कोणाकडेही असतात. माझ्याकडे नाहीत.

२० जानेवारी
भट्टीवर दगडाची गाडी आली. मेओनं मुद्दाम बोलावून दाखवलं: एक पाय, गुडघ्यापासून खाली. पोटरी तर अप्रतिम. ठेवून घ्यावा असं फार वाटलं. पण एकट्या पायाचं काय करायचं? शिवाय पुलाच्या कामाला चुना उद्याच द्यायचा होता. मनाला लागलं. दुपारी जेवण कमीच गेलं. संध्याकाळी भरून काढलं.

२८ जानेवारी
सापडलं!

पेर्ना पिंपातून ऑलिव्ह काढत होती. झाकणावर नेहमीचा धोंडा. इतकी वर्षं बघतोय, पण पाहिला आज. धोंडा नव्हे, पायाचा अंगठा. संगमरवरी. नखासकट.

कुठून आला विचारलं. म्हणाली, आईला मळ्यात सापडला, वेली लावताना. झाकणाला बरा पडतो. आता हात सोडा, खारं पाणी सांडतंय.

हा द्राक्षमळा मूळ आमच्या आजोबांच्या जमिनीवर आहे. त्यांनी ती पेर्नाच्या आईला विकली, तिनं वेली लावल्या, आणि मग पेर्नाबरोबर मळा पुन्हा आमच्याच घरी आला. म्हणजे आजोबांच्या पायाखाली देव होता आणि त्यांना पत्ता नव्हता! आमच्या घराण्यात कलेची नजर थेट माझ्यापासूनच सुरू होते.

२ फेब्रुवारी
शितावरून भाताची परीक्षा. दोरी घेऊन स्वतःचा अंगठा मोजला, मग देवाचा. देवाचा बरोबर चौपट. मी साडेतीन हात, म्हणजे देव चौदा हात! मोजताना पेर्ना आत आली. मी एक मोजा काढून जमिनीवर बसलेला, मांडीवर अंगठा. आल्या पावली ती परत गेली. तिला समजलं असावं.

३ फेब्रुवारी
मळा खणण्याविषयी पेर्नाशी बोललो. नको म्हणाली. सहाच ओळी आहेत, घरची वाइन त्यावर चालते, आणि आई गेली तरी तिच्या हातच्या वेली आहेत, छाटणीला गेलं की तिच्याशी बोलल्यासारखं वाटतं म्हणाली. मी तिला नव्या युगाविषयी सांगितलं. एक तासभर. शेवटी एका ओळीवर तयार झाली.

तिची अट: रोमच्या वाढदिवसापर्यंत देव निघाला नाही, तर उपटलेली प्रत्येक वेल मी स्वतःच्या हातानं पुन्हा लावायची. मेओनं हात लावायचा नाही. हसत कबूल केलं. तशी वेळच येणार नाही.

२० फेब्रुवारी
पहिली ओळ संपली. मिळालेलं: गोगलगायी, सुरईचा कान, डुकराचा जबडा. जबडा बहुधा यज्ञातला.

उपवासाचे दिवस आहेत. शब्दांचाही उपवास चालू आहे.

५ मार्च
तिसरी ओळ. दुसरी केव्हा खणली ते पेर्नानं विचारलं. मी म्हणालो, ओघात.

आज माती जरा पांढरी लागली. शुभचिन्ह. मेओ खाली वाकला, माती बोटांवर चोळली, वास घेतला आणि माझ्याकडे बघत राहिला. मला भक्तिभाव दिसला.

१२ मार्च
पूर्वतयारी महत्त्वाची. चौदा हातांचा देव घरात यायचा तर दार लहान पडेल, म्हणून गवंडी लावून चौकट फोडायला घेतली. सगळ्या घरात गिलाव्याचा धुरळा. पेर्नानं केलेल्या वालाच्या सुपात भिंतीचा एक पोपडाच पडला. मी म्हणालो, काढून टाक आणि वाढ. दात करकरत होते, पण भुकेला काय. पेर्ना जेवली नाही. म्हणाली, मळ्यात वेली नाहीत, घराला दार नाही, आता सुपात भिंत.

बायकांना भव्यता झेपत नाही.

३० मार्च
देऊळ!

चौथ्या ओळीत गोल भिंत लागली. पुरुषभर खोल, विटा काळ्या-लाल भाजलेल्या, आत हातभर थराची पांढरीशुभ्र पूड. एका बाजूला बुटकं दार, बरोबर वाऱ्याच्या दिशेला. मी एका क्षणात ओळखलं. गोल म्हणजे अग्निदेवतेचं देऊळ. विटा भाजल्या त्या पवित्र ज्योतीनं. पूड म्हणजे नैवेद्याचं पीठ. दार बुटकं, कारण भक्तानं वाकून जायचं. सगळं कसं जुळतंय.

मेओ म्हणाला, मालक, एक सांगू का? मी म्हणालो, सांगू नकोस. तर्क करणं हे कामगाराचं काम नव्हे. तो तीनदा सांगायला आला, तिन्ही वेळा गप्प केला. शेवटी म्हणाला, बरं, तुमची मर्जी, आणि कट्ट्यावर बसून चीज खात राहिला.

३१ मार्च
मास्तरांना निरोप धाडला. १९ तारखेला मंडळासकट येतो म्हणाले. साब्बाला मी स्वतः जाऊन सांगितलं. खोकल्याचं औषध घ्यायला गेलो होतो, खोकला नसताना.

ईस्टर झाला. लॅटिन वाढदिवसानंतर.

८ एप्रिल
पोशाख. प्राचीन रोमन माणूस अंगाभोवती पांढरं वस्त्र गुंडाळायचा. पलंगावरची चादर घेतली. एक टोक खांद्यावर, एक काखेत, तिसरं दातात. चालता येतं, पण बोलता येत नाही. सराव.

आता कोणतं नाव मिळेल? सर्वांत मोठं एखाद्या सेनापतीचं. मास्तर सुचवतील तेव्हा आधी नको म्हणायचं. दोनदा.

१९ एप्रिल
जे झालं ते नीट लिहितो.

मास्तर आणि आठ विद्वान आले. साब्बाही आला, बोलावलं नसताना. मी भिंतीच्या काठावर उभं राहून ज्योतीविषयी सांगितलं, नैवेद्याविषयी सांगितलं, बुटकं दार वाकून दाखवलं. मास्तर आत उतरले. पूड चिमटीत घेतली. पाण्याची बाटली मागितली, पुडीवर थोडं पाणी टाकलं, बोट लावलं. मग वर पाहून मला नाही, मेओला विचारलं, की बाबा, हे काय आहे?

मी खुणेनं नको म्हणालो. पण मेओचं चीज संपलं होतं.

"भट्टी आहे. मालकांच्या आजोबांनी बांधलेली. मी एवढासा होतो, माझा बाप हिच्यात लाकडं घालायचा."

मास्तरांनी विचारलं, भाजलं काय होतं.

"एक दाढीवाला होता. भला मोठा, चौदा हात तरी असेल. इथंच निघाला म्हणून भट्टी इथंच घातली, कोण ओढत नेतो? फोडायला सहा दिवस लागले. पायाचं एक बोट कुठं उडालं ते सापडलं नाही. चुना मात्र लोण्यासारखा."

माझ्या तोंडून निघून गेलं, चौदा! माझा हिशेब बरोबर होता! हे कोणी ऐकलंच नाही, सगळे हसत होते. साब्बाला तर खोकला लागला.

मी मेओला विचारलं, तो चुना गेला कुठे? खरं तर विचारायला नको होतं.

"कुठे म्हणजे? तुमच्या घराला, मालक. चारी भिंती. तुम्ही पाळण्यात होता, तुम्हाला शिंका यायच्या."

संध्याकाळी पेर्नाला सांगावं लागलं. ती म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा. मग म्हणाली, म्हणजे त्या दिवशी वालाच्या सुपात पडला तो हाच?

मी अंथरुणावर पडून भिंतीकडे बघत होतो. चाळीस वर्षं मी देवाच्या पोटात झोपतोय. आणि एकदा देव माझ्या पोटात.

२१ एप्रिल
गेलो. न जाणं भ्याडपणा दिसला असता. चादर गुंडाळून गेलो. तिथं सगळे नेहमीच्या कोटात. मास्तर म्हणाले, वस्त्राची कल्पना छान, आमच्यापैकी कोणाला सुचली नाही.

जागा साब्बाला. त्याच्या नाण्यांतली दोन खरी निघाली.

पण मलाही नाव मिळालं! मास्तर उठून म्हणाले, पालुत्सोंनी मंडळाला बारा वर्षांत मिळाला नाही असा आनंद दिला, त्यांना नाव दिलंच पाहिजे. काल्कारियुस! काय भारदस्त आहे. नको म्हणायचं विसरलो. सगळ्यांनी पेले उंचावले, मीही. बसायला स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल होतं, म्हणजे गरम गरम आधी मलाच. निघताना मास्तरांनी बाजूला घेऊन सांगितलं, दिवाणखान्याला गिलावा करायचाय, दोन गाड्या चुना पाठवा, जरा चांगल्या दगडाचा.

घरी येईपर्यंत सारखं म्हणत होतो. काल्कारियुस. काल्कारियुस. बोक्यालाही सांगितलं.

२२ एप्रिल
हे नाव कोणत्या सेनापतीचं ते माझ्या शब्दांच्या यादीत मिळेना. साब्बाकडे गेलो. तो खलात काहीतरी कुटत होता, मान वर न करता म्हणाला, लॅटिनमध्ये चुनेवाल्याला म्हणतात.

परत येताना नदीवर बसलो बराच वेळ. वाईट वाटलं. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो: खूप वाईट वाटलं. त्या जागेसाठी नव्हे. मला खरंच वाटलं होतं की जमिनीखाली कोणीतरी मोठं आहे आणि ते माझी वाट बघतंय.

पेर्नाला अर्थ सांगितला. ती हसली नाही, ते जास्त लागलं.

"गल्लीतले सगळे आपल्याला हेच म्हणतात, फुकट. एवढ्यासाठी माझ्या आईच्या वेली उपटल्यात?"

 अंगठा धुऊन तिच्या पिंपाच्या झाकणावर ठेवला. तिनं जरा सरकवून नीट बसवला.

२४ एप्रिल
संकल्प: शब्द पाळणे.

पहाटे उठलो. खरोखर पहाटे. पेर्नानं उरलेल्या दोन ओळींमधून कलमं कापून दिली. उशीर झालाय, जगतील न जगतील, म्हणाली. मेओला हात लावू दिला नाही, तो आपल्या कट्ट्यावर. दिवसभर खपून चाळीस कलमं एकट्यानं लावली. सरळ ओळीत, दोरी धरून. पाठ मोडली, पण मन हलकं झालं. स्वतःच्या हातानं काही उभं केलं ते आयुष्यात पहिल्यांदा. पेर्ना येऊन बघून गेली. जेवायला आर्टिचोकची भाजी केली, मला आवडते तशी.

संध्याकाळी मेओ शेजारी येऊन उभा राहिला. ओळीकडे बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, मालक, एक सांगू का?

या वेळी म्हणालो, सांग.

चाळीसपैकी एकतीस उलटी लावली आहेत.