आवळलेला बोल्ट

प्रिय बंड्या,

रविवारी ट्रॅक्टर बघायला येणाऱ्या तुझ्या गिऱ्हाइकाला मी येऊ नका म्हणून कळवून टाकलंय. आधी हवं तेवढं चिडून घे, मग पुढचं वाच. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. माझा दुखावलेला खांदा आता छान वर होतो, आणि त्याच हाताने आज सकाळी मी आपल्या छोट्या ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल दुरुस्त केला. शेजारचा वेल्डर मदतीला होता म्हणा, पण त्याची बडबडच जास्त.

दोन महिन्यांपूर्वी नर्सरीच्या उतारावर मी ट्रॅक्टरसकट आडवी झाले, तेव्हा तू, ताई आणि डॉक्टर, तिघांनी एकमुखाने निकाल दिलात की आईचं वय झालं. मलाही ते पटलं होतं रे. जन्मभर ज्या उतारावरून रोपं नेली, तिथे एक चाक दगडावर चढलं, दुसरं हवेत गेलं, आणि स्टिअरिंग फिरवून काही उपयोग होईना. वाटलं, संपलं, हातातलं कसबच गेलं. मग ट्रॅक्टरवर ताडपत्री टाकली आणि रोपं ढकलगाडीवरून न्यायला लागले. तुझे बाबा असते तर खो खो हसले असते. मला मात्र रडू यायचं.

काल गिऱ्हाइकासाठी म्हणून ट्रॅक्टर धुवायला काढला. चिखल खरवडायला पुढचा भाग जॅकवर उचलला आणि सहज एक चाक हाताने खाली दाबलं. हललंच नाही! अरे, तो ॲक्सल मधल्या पिनेवर डुलायला हवा. एक चाक दगडावर चढलं तर दुसऱ्याने खाली जमीन धरावी, त्यासाठीच तर ती पिन. मी पहार लावून अक्षरशः लोंबकळले, तरी ढिम्म.

आज मागच्या चाकांना अडण्या लावल्या, पुढे सांगाड्याखाली ठोकळे रचले, नट सोडून त्या पिनेचा बोल्ट मागे घेतला. आतला वॉशर झिजून पत्र्यासारखा झाला होता. नवा घातला, भरपूर ग्रीस भरलं आणि बोल्ट थोडा थोडा आवळत गेले. दर वेळी पहारीने ॲक्सल मागेपुढे ढकलून बघायचा. मागेपुढे सरकणं थांबलं आणि वरखाली डुलणं मात्र राहिलं, तिथे हात थांबवला. वेल्डरला अजून एक आटा मारायची खुमखुमी होती. त्याला म्हटलं, बाबा रे, तू तुझं वेल्डिंग बघ. मग त्याच उतारावरून, त्याच दगडावरून मी दोनदा जाऊन आले. मजा आली!

आता मुद्द्याचं. मी पडायच्या आधी आला होतास तेव्हा पुढची चाकं लटपटतात म्हणून तो बोल्ट तूच जीव खाऊन आवळला होतास. ढिलाई खरीच होती, तुझा हेतूही चांगलाच होता. हे मी तुला कधीच सांगितलं नसतं. ‘आई वयामुळे पडली’ यावर तुला झोप लागते, ‘माझ्यामुळे पडली’ यावर लागणार नाही, तुला मी ओळखते. त्यापेक्षा मी म्हातारी म्हणवून घेतलं असतं. पण परवा फोनवर तू ऐटीत सांगितलंस की तुझ्या ट्रॅक्टरचा बोल्टही तसाच गच्च आवळलास, आणि सूनबाई आता त्यावर चालवायला शिकतेय. तुझं रान तर माझ्यापेक्षा जास्त उताराचं. म्हणून काल हातसुद्धा न धुता आधी तिला फोन लावला. तुझ्या ट्रॅक्टरची किल्ली सापडत नाहीये ना? ती तिने माझ्या सांगण्यावरून लपवली आहे. तिच्यावर ओरडायचं नाही. बोल्ट सैल कर, तिच्यासमोर चाक हाताने दाबून डुलवून दाखव, मगच ती किल्ली देईल.

तुझीच, म्हातारी न झालेली,
आई