कलेचा तास

दर्यापूर,
२१ फेब्रुवारी २०२६

प्रिय धम्मदीप,

सप्रेम जयभीम. मूर्तिजापुरात तुझं पाट्या रंगवण्याचं काम बरं चाललंय, असं आपला शिपाई जीवन सांगत होता. आई कशा आहेत? इकडे हरभरा निघतोय, म्हणून निम्मी शाळा शेतात. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसून मी हजेरी बघते नि माझा बीपी वाढतो.

यंदा शाळांच्या मूल्यांकनात कलेलाही गुण आहेत. ‘आठवड्याला दोन तास, नियमित’ असं मी बिनदिक्कत भरलं आणि पुरावा म्हणून तुझ्या वेळच्या भिंतचित्राचा फोटो जोडला. वेळापत्रकात तास आहेतच.

मंगळवारी तपासणीला साहेब आले. चौथीतल्या खुशीला त्यांनी विचारलं, “कलेच्या तासाले काय करता?”

पोरगी ताडकन उभी राहिली. “अपूर्णांक करतो सर! मॅडमच घेतात.”

साहेब हसले. हळूच मला म्हणाले, “जाऊ द्या, भरलेलं राहू द्या.” मी मान डोलावणारच होते. तेवढ्यात खुशी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “मॅडम, माह्यं चुकलं काय?”

“नाही वं, माह्यं चुकलं,” मी म्हणाले आणि साहेबांसमोरच कलेचे गुण खोडले. शाळेची श्रेणी घसरली. शाळा समितीचे अध्यक्ष पंजाबराव माझ्याशी बोलत नाहीत.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. तीन वर्षांपूर्वी ‘वरून तुझं पद कापलं’ असं मी तुला सांगितलं. कोणी कापलं नव्हतं. पदांच्या मागणीपत्रात ‘कलाशिक्षकाची गरज’ या रकान्यात मीच ‘नाही’ लिहिलं. शिष्यवृत्तीचा निकाल वाढवायला मला तुझे तास हवे होते. तू माझाच विद्यार्थी, भांडणार नाहीस हेही मला ठाऊक होतं. माझ्या घरी चहा घेऊन, वर माझेच आभार मानून तू गेलास. त्या चहाची मला अजून लाज वाटते.

यंदा त्याच रकान्यात ‘आहे’ लिहिलंय. तुझ्या नेमणुकीचा अर्ज सोबत आहे, तुझ्या सहीची जागा कोरी आहे. सही केली नाहीस तरी तुझं काही चुकणार नाही.

सोमवारी रंगपेटी आण, असं खुशीला सांगितलंय. तास मीच घेईन. मला धड आंबाही काढता येत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

तुझे तास चोरणारी,
तुझी ज्योत्स्नाबाई